सीट धरणारा माणूस

१५ फेब्रुवारी १९८७, रविवार

डायरी लिहिणारे सायकलस्वार मला कधी आवडले नाहीत. काय खाल्लं, किती झोपलो, पाय कसे वाटले. जणू पाय म्हणजे घरात आलेली सासू आणि रोज उठून तिची मर्जी विचारायची. पण बेकरीवाल्याने नव्या वर्षाची भेट म्हणून दिलेली ही डायरी मारिएटला नको होती. तिने ती माझ्या ताटाशेजारी आपटली.

"लिही. दुसरं कोण आहे तुला बोलायला? माझ्याशी फ्लेमिश बोलतोस तेव्हा मला आमच्या बोळक्या काकूची आठवण येते."

मारिएट माझी घरमालकीण. मी, ट्रेव्हर बॅराक्लो, यॉर्कशायरचा, हिच्या माडीवर नऊ वर्षं राहतोय. बेल्जियममध्ये सायकलशर्यती हाच इथला धर्म आहे, आणि त्या धर्मात मी पाणक्या. म्हणजे आमचा पुढारी डिर्क जिंकावा म्हणून त्याच्यापुढे वारा खायचा, मागून येणाऱ्या संघाच्या गाडीकडे जाऊन पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून आणायच्या, त्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. नऊ वर्षांत मी दोनदा जिंकलो. दोन्ही वेळा गावजत्रेची शर्यत होती, आणि एकदा तर बक्षीस हॅमचं होतं.

मॅनेजरने काल खांद्यावर हात ठेवला. मॅनेजरने खांद्यावर हात ठेवला की समजायचं. "हा हंगाम शेवटचा, ट्रेव्हर. तू तरी अजून किती धावणार?" मी म्हटलं, बरोबर आहे. खोलीवर आलो आणि बुटांत पेपर कोंबत बराच वेळ बसलो.

घरून डॅडचं पोस्टकार्ड या आठवड्यातही नाही.

२२ मार्च, रविवार

दिवसभर समुद्राकडून वारा. कडेच्या गटारात पडलो, उठलो, डिर्कला दोन बाटल्या दिल्या, मग मागे पडलो. डिर्क पाचवा आला. खुशीत होता. "तू नसतास तर विसावा आलो असतो," म्हणाला. घोळक्यात यालाच शाबासकी म्हणतात.

संध्याकाळी घरी फोन केला. फोनवर नेहमी आईच येते. डॅडच्या मते फोन म्हणजे ज्यांना लिहिता येत नाही त्यांची सोय. ते कार्ड लिहायचे. दर सोमवारी एक, मुंगीएवढ्या अक्षरात: रविवारच्या क्लबच्या शर्यतीत कुणाला किती वेळ लागला, वारा कुठून होता, आणि खाली सही 'डब्ल्यू. बॅराक्लो', जसं काही मी बँक आहे. हिवाळ्यात कार्डं बंद झाली तेव्हा मला वाटलं, शर्यती नाहीत तर लिहिणार काय. पण आता क्लबचा हंगाम सुरू झालाय.

"डॅड कुठेयत?"

"बागेत."

"अंधारात?"

"टोमॅटोची रोपं बघतोय." मग जरा थांबून, "बरं का रे, आता डॅड क्लबात धरत नाही. हॉवर्थचा मुलगा धरतो."

मला विश्वास बसेना. आमच्याकडे रविवारी भल्या सकाळी मोकळ्या हमरस्त्यावर घड्याळाशी शर्यत असते. एकेकट्याने निघायचं, मिनिटामिनिटाच्या अंतराने. निघताना दोन्ही पाय पेडलच्या पट्ट्यांत आवळलेले असतात, म्हणून मागे एक माणूस सीट धरून उभा राहतो. ते काम करणारा आमच्या गावात, ऑटरबेकात, तीस वर्षं एकच: आमचे डॅड, विल्फ बॅराक्लो. पाच, चार, तीन, दोन, एक, आणि हात सोडायचा. ढकलायचं नाही. नियमच आहे, धरावं पण ढकलू नये. काही क्लबांत हळूच रेटा देतात. डॅडनी कधी कुणाला तसूभर पुढे सारलं नाही. मलासुद्धा नाही. चौदा वर्षांचा असताना पहिल्या शर्यतीला मी इतका घाबरलो होतो की थोडा रेटा मिळाला असता तर बरं झालं असतं. नाही मिळाला. दगडातून सुटावी तशी सायकल सुटली.

"भांडले ना क्लबात कुणाशी?" मी विचारलं.

"भांडतोय कशाला," आई म्हणाली.

म्हणजे भांडलेच. म्हाताऱ्याला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

५ एप्रिल

फरसबंदीवरची शर्यत. पूर्ण केली नाही. मनगटं अजून आपोआप थरथरतायत, काटा धरवत नाही. मारिएटने मटण-बटाट्याचं कालवण चमचा घालून दिलं आणि कबुतरांचं पुराण लावलं. तिच्या भावाची कबुतरं फ्रान्समध्ये खोलवर नेऊन सोडतात, तरी संध्याकाळच्या आत घरी येतात. "तुझ्यापेक्षा हुशार," म्हणाली. मी म्हटलं, त्यांना घरी गेल्यावर कुणी वेळ विचारत नाही. ती म्हणाली, विचारतात की, तेवढंच तर विचारतात.

१० मे, रविवार

आज आईचा आवाज सोळा वर्षांच्या पोरीसारखा. ऑगस्टात उत्तर इंग्लंडची पाच दिवसांची शर्यत आहे, आमचा संघ जाणार हे मला माहीत होतं. पण तिसऱ्या दिवशीचा रस्ता आज तिथल्या पेपरात आला: गिरणीवरून खाली, पूल, चॅपलचं वळण, आणि मग चॅपल बँक नावाचा चढ. म्हणजे आमच्या दारावरून!

"डॅडना सांगितलंस?"

"त्यानेच मला सांगितलं. वाण्याच्या दुकानातून आला तो सांगतच."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, रस्ता दुपारभर बंद राहील, दूध आधी आणून ठेव."

मी हसलो, पण मनातून हसू आलं नाही. नऊ वर्षांत डॅडनी मला एकदाही शर्यतीत पाहिलेलं नाही. घोळक्याची शर्यत त्यांच्या लेखी शर्यतच नव्हे. मी बेल्जियमला निघालो तेव्हा ते बोटीपर्यंत आले होते. म्हणाले, "दुसऱ्याच्या चाकामागे बसून जायचं. आयत्या बिळावर नागोबा." तेव्हापासून भेटलो की एकच प्रश्न: पंचवीस मैलाला किती लागतो आता? आणि मला दरवेळी सांगावं लागतं की तिकडे कुणी पंचवीस मैल मोजत नाही, डॅड.

आई आणखी काहीबाही सांगत होती. डॅडनी म्हणे वाण्याकडे कुठलासा परदेशी पेपर लावलाय. फ्रेंचचं एक अक्षर येत नाही त्यांना. टोमॅटोच्या वाफ्यावर अंथरायला असेल, तो कागद जाड असतो.

त्यांनी एकदा यावं. रस्त्याच्या कडेला उभं राहावं आणि मी जाताना बघावं, एवढंच. चौतीस वर्षांच्या माणसाने असलं लिहावं का? पण लिहिलं. मला डॅडनी बघायला हवंय.

१४ जून

डिर्कला ऑटरबेकचं कळलं. मॅनेजरने सांगितलं असणार, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. आम्ही पावसात आडोशाला थांबलो होतो.

"तुझं गाव? आणि तू बोलला नाहीस? गाढवा, मग तू पुढे जायचंस!"

हा रिवाज जुना आहे. शर्यत कुणाच्या गावातून जाणार असेल तर घोळका वेग कमी करतो आणि त्या गड्याला एकट्याला पुढे सोडतो. त्याने घरच्यांपाशी थांबावं, बायकोपोरांच्या पाप्या घ्याव्यात, घोटभर काही प्यावं, आणि घोळका आला की मुकाट्याने आत शिरावं. त्याचा फायदा घेऊन पुढे पळायचं नाही. तसं जो करेल त्याला पुन्हा कुणी पाण्याचा थेंब देणार नाही.

"मी सगळ्यांना विचारतो," डिर्क म्हणाला. "इटलीवाले, डच, सगळे. तुझ्या बाटल्या ज्याने प्यायल्या नाहीत असा एक माणूस दाखव. तू फक्त बापाला रस्त्यावर उभं कर."

तेच तर अवघड आहे.

१९ जुलै, रविवार

आईला रिवाज सगळा समजावून सांगितला. डॅडना सांग म्हटलं, दोघं चॅपलच्या पायऱ्यांवर थांबा, मी येईन. आई म्हणाली, सांगते. मग रिसीव्हरवर हात ठेवून बोलल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बघू म्हणतोय."

"एवढंच?"

"चहा पितोय ना. कप अर्धाच भरते हल्ली मी, तरी वेळ लागतो."

अर्धा कप! डॅडना तर मोठ्ठा मग लागायचा, काठोकाठ. पथ्याचं नवं खूळ दिसतंय.

कार्ड नाहीच. मी आणखी एक हंगाम इकडे राहिलो याचा राग असेल. तसंच असणार.

१२ ऑगस्ट

उद्या. हॉटेलच्या खिडकीतून मूरचा, म्हणजे आमच्याकडच्या उघड्या माळाचा, कडा दिसतो, त्यावरच्या हीदरच्या झुडपांना जांभळा रंग चढलाय. जेवणात माशाबरोबर मटारचा गोळा होता. डिर्कने तो काट्याने टोचून पाहिला, मेलाय का म्हणून. मी त्याचाही खाल्ला. चव अगदी घरची होती.

घरी फोन केला नाही. डॅड येणार नाहीत असं आईने सांगितलं असतं तर? न विचारलेलं बरं. माझे पाय आज, सासूबाई, कसे आहेत म्हणाल तर बरे आहेत.

१३ ऑगस्ट, गुरुवार

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

गिरणीच्या अलीकडे डिर्क हात वर करून पुढे गेला आणि घोळक्याच्या तोंडाशी आडवा आला. इटलीवाल्याने मान हलवली. डच संघात बुल नावाचा म्हातारा आहे, बारा वर्षं धावतोय आणि बारा वर्षं चिडलेलाच आहे, तोही म्हणाला, "जा. पण लवकर. माझी आई मेली तेव्हा मला कुणी सोडलं नव्हतं."

मी सुटलो. समोर कुणी नाही, बाजूला कुणी नाही, चाकाचा आवाज फक्त माझा. गिरणीची भिंत, पुलावरचा तो उंचवटा, गावची पोरं दोन्ही बाजूंना ओरडतायत. पायऱ्यांवर आई, निळी टोपी, हातात चांदीच्या कागदात गुंडाळलेला दह्याचा टार्ट. मी थांबलो, तिने दोन्ही गालांवर पाप्या घेतल्या, तिचा गाल ओला होता. शेजारी डॅड नव्हते.

मग आईने टार्टनेच पलीकडे बोट केलं. "तिकडे! तिकडे बघ! मी म्हटलं इथे थांब तर ऐकतोय का!"

वळणाच्या पलीकडे, चढ सुरू होतो तिथे, भिंतीला टेकून डॅड. क्लबचा कोट, सगळी बटणं लावलेली, दोन्ही हात खिशात. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान दिसत होते.

मी त्यांच्यापाशी ब्रेक लावला आणि पाय पट्ट्यांतून काढायला गेलो.

"पाय काढू नकोस!" ते ओरडले. खिशातून हात काढून माझ्यामागे आले आणि सीट धरली. अगदी तशीच, मागून, एक हात सीटखाली आणि एक माझ्या पाठीला. "काय थांबलास रे पोरा? चाळीस सेकंद आहेत तुला! चाळीस!"

आईने सांगितलंच नाही का यांना? यांना वाटलं मी घोळका फोडून एकटा पुढे आलोय. यांना वाटलं मी शर्यत जिंकतोय.

"डॅड, तसं नाहीये. मला त्यांनी सोडलंय, मी इथे तुम्हाला भेटायला—"

"तोंड बंद. हात खाली घे. नाक हँडलवर."

चौतीस वर्षांचा झालो तरी हात आपोआप खाली गेले. सीट थरथरत होती. सबंध सायकल थरथरत होती, मागचं चाक भिंतीच्या दगडावर टकटक वाजत होतं. इतका मी हललो होतो, माझेच पाय माझं ऐकत नव्हते. डॅडचा श्वास कानाशी. पेपरमिंटचा वास.

"पाच," ते म्हणाले. "चार. तीन." तिथे ते जरा थांबले. आयुष्यात कधी मध्ये थांबले नव्हते. "दोन. एक."

आणि त्यांनी मला ढकललं.

हलका रेटा नव्हे. सगळं अंग लावून, पाठीच्या मधोमध पंजा टेकवून, तोंडातून आवाज काढून ढकललं. मी जवळजवळ पुढच्या चाकावर गेलो.

चॅपल बँकचा चढ तळापासून वरच्या फाटकापर्यंत सरळ आहे. वळणावर उभं राहिलं की सगळा दिसतो. रिवाजाप्रमाणे मी तिथे पाय सोडायला हवे होते आणि हळूहळू जात घोळक्याची वाट बघायला हवी होती. पण मागे डॅड उभे होते आणि बघत होते. मी कसा थांबणार?

मी चढलो. नऊ वर्षांत कुणासाठी चढलो नाही तसा चढलो. पुढे वारा अडवायला कुणाचं चाक नाही, मागे कुणाला वाचवायचं नाही. सीटवरून उठलो नाही, कारण डॅडना उठलेलं आवडत नाही. मागे वळूनही पाहिलं नाही. फाटक ओलांडलं, पलीकडे उतार लागला, गाव दिसेनासं झालं, तेव्हा ब्रेक लावला, कडेच्या भिंतीला सायकल टेकवली आणि मेंढ्यांच्या समोर उभा राहून धापा टाकत रडलो. मेंढ्यांनी लक्ष दिलं नाही.

मग घोळका आला, पेटलेला. बुलने माझ्या आईबापांचा डच भाषेत उद्धार केला. मी हात जोडून उभा होतो. थांबून वाट बघणाऱ्याला पळपुटा तरी कसं म्हणणार, म्हणून प्रकरण मिटलं.

"वेड लागलं होतं का?" डिर्क म्हणाला.

"वडिलांना वाटलं मी पुढे आहे."

डिर्कने आपली रिकामी बाटली माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "पाणी आण. सगळ्यांना."

मी आठ बाटल्या आणल्या.

आता पलंगावर पडून एक गोष्ट राहून राहून डोक्यात येते. डॅडचं घड्याळ, ते गळ्यातलं जाड वेळमापक, आंघोळीला सोडलं तर कधी गळ्यातून निघत नाही. आज नव्हतं. घाईत विसरले असतील. मग चाळीस सेकंद कुठून काढले, देव जाणे.

१४ ऑगस्ट

सकाळी पंचांचा कागद भिंतीवर लागला. बॅराक्लो, प्रेक्षकाने ढकलल्याबद्दल वीस सेकंदांचा दंड. मी एकूण यादीत तळाला आहे, तळाच्या आणखी खाली जागा नाही. तरी तो कागद वाचून मला का कोण जाणे बरं वाटलं. डिर्क म्हणाला, "हे फ्रेम करून लाव."

ही बातमी ऑटरबेकात जाऊ नये म्हणजे मिळवली. असलं काही इंग्रजी पेपरांत छापत नाहीत, बेल्जियमच्या पेपरांत बारीक टाइपात येतं तेवढंच. नियम मोडला म्हणून दंड झाला हे डॅडना कळलं तर झोप यायची नाही त्यांना.

१६ ऑगस्ट, रविवार

शर्यत काल संपली. डिर्क तिसरा. संध्याकाळच्या बोटीने परत. बंदरावरच्या फोनवरून घरी लावला. नेहमीसारखं "आई" म्हणणार तोच पलीकडून खाकरण्याचा आवाज आला.

"बॅराक्लो," डॅड म्हणाले.

मला वाटलं घरात काही वाईट झालं. "आई कुठेय?"

"इथेच आहे. शेजारी उभी राहून माझ्याकडे बघतेय."

लाइन खराब होती. रिसीव्हर कशावर तरी आपटल्यासारखी सारखी टकटक.

"चढावर उठला नाहीस सीटवरून," ते म्हणाले.

"नाही."

"बरं केलंस." टकटक. "हॉवर्थचा पोरगा उठतो. किती सांगितलं तरी उठतो."

"डॅड, ऑक्टोबरात मी कायमचा घरी येतोय. संघ सोडतोय."

"ठाऊक आहे."

कसं ठाऊक, मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मॅनेजरने पेपरवाल्यांना सांगितलं असेल, पण तेही बेल्जियमच्याच. विचारणार होतो, पण तेच बोलले.

"वीस सेकंद लागले म्हणे तुला."

"लागले. काही बिघडलं नाही त्याने."

"बिघडलं कसं नाही? नियम आहे. मी असतो पंच तर मीही लावला असता." मग फक्त ती टकटक. बंदरावर भोंगा झाला. माझी नाणी संपत आली होती. "तीस वर्षं धरलं मी, ट्रेव्हर. एकालाही ढकललं नाही."

"माहीत आहे, डॅड."

"तुला ढकललं," ते म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.